परत विंडोज मारायचं की लिनक्स घालायचं? जुन्या कॉम्प्युटरसाठी मिंट, लुबंटू, अँटीएक्स आणि पपी

कोल्हापूरच्या शाहूपुरीत मामांची गुळाची अडत आहे. दर पावसाळ्यात त्यांचा ठरलेला फोन येतो : "लई हँग व्हायला लागलंय रे, परत विंडोज मारून दे की." मशीनचा प्रोसेसर कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी. यंदा त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्या मावसबहिणीचा लॅपटॉपही आला. तो जुना आय थ्री, रॅम ४ जीबी. दोन्हींवर विंडोज १०, आणि तिचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता दोघांनाही बंद. मग लिनक्सचे, म्हणजे विंडोजऐवजी घालता येणाऱ्या मोफत सिस्टीमचे, चार प्रकार पेनड्राइव्हवर घेऊन दोन्ही मशिनी शेजारी शेजारी मांडल्या.

तुलनेआधी एक गैरसमज काढून टाकू. "आमचं मशीन ३२ बिटचं आहे" असं बरेच जण सांगतात, पण ते विंडोजबद्दल बोलत असतात. त्या काळी ६४ बिट प्रोसेसरवरही सर्रास ३२ बिट विंडोज ७ मारून दिलेलं असायचं. कोअर टू ड्युओ ६४ बिटच आहे. विंडोजच्या सिस्टीम माहितीत प्रोसेसरसमोर "एक्स ६४" दिसलं की निर्धास्त व्हा. खरा ३२ बिट म्हणजे छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन २७० वगैरे. तसला असेल तर मिंट आणि लुबंटूच्या आजच्या आवृत्त्या बादच होतात. क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली आणि फायरफॉक्सची १४४ ही शेवटची ३२ बिट आवृत्ती. असल्या मशीनवर गाणी ऐका, पत्रं टाइप करा, पण बँकेचं काम नको.

आता मिंट आणि लुबंटू. दोन्हींचं मूळ उबंटू हे प्रसिद्ध लिनक्सच, त्यामुळे फरक काय पडणार असं वाटतं. मिंट घ्यायचं तर हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची आवृत्ती घ्यायची, जड सिनॅमनची नको. मिंटवाले किमान २ जीबी रॅम सांगतात आणि आरामात चालायला ४ जीबी. लुबंटूचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप त्याहून थोडा हलका. कागदावर लुबंटू जिंकतं. माझा कौल तरी मिंटला आहे, आणि त्याचं कारण फायरफॉक्स. लुबंटूमध्ये तो स्नॅप पॅकेज म्हणून, म्हणजे लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेल्या गाठोड्यासारखा येतो आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पहिल्यांदा उघडताना अंत पाहतो. मिंटमध्ये तो साध्या पॅकेजमधून येतो. दुसरं, उबंटूच्या त्याच २४.०४ पायावर उभं असूनही मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि लुबंटू २४.०४ ला २०२७ पर्यंतच. बहिणीच्या घरी दर दोन वर्षांनी सिस्टीम बदलायला कोण जाणार? खाली डावीकडे मेनू, कोपऱ्यात घड्याळ, अपडेटसाठी एक बटण. तिला काही शिकवावं लागलं नाही, फक्त "सी ड्राइव्ह कुठं गेला" एवढं एकदा विचारलं.

मामांच्या २ जीबीवरही मिंट सुरू झालं. पण फायरफॉक्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि बाजारभावाचं एक पान उघडलं की हार्डडिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेना. रॅम ब्राउझर खातो, सिस्टीम नव्हे. सिस्टीम हलकी घ्यायची ती ब्राउझरला जागा राहावी म्हणून. तिथं अँटीएक्स कामाला आलं. हे डेबियन या जुन्या लिनक्सवर बांधलेलं, पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम नावाच्या, फक्त खिडक्या सांभाळणाऱ्या अगदी साध्या विंडो मॅनेजरवर चालणारं. २५६ एमबीच्या पेंटियम थ्रीवरही चालेल असा त्यांचा दावा, शिफारस ५१२ एमबीची. म्हणजे २ जीबीत भरपूर मोकळी जागा उरते. दिसायला मात्र ओबडधोबड. सेटिंग एका कंट्रोल सेंटरमध्ये गोळा केलेली असली तरी मेनूत एकाच कामाची तीन-तीन साधनं दिसतात आणि नवखा गोंधळतो. ते घालून देणारं माणूस घरात हवं. मामांकडे मी आहे. तुमच्याकडे तसं कुणी नसेल आणि रॅम २ जीबीच असेल, तर अँटीएक्सच्या मागे न लागता आणखी २ जीबीची रॅम टाका आणि मिंट घ्या.

पपीचं प्रकरण निराळं. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर यांनी सुरू केलेली ही सिस्टीम अख्खीच्या अख्खी रॅममध्ये चढते, त्यामुळे हार्डडिस्क मेलेलं मशीनसुद्धा पेनड्राइव्हवर पळतं. पळतं म्हणजे खरंच पळतं, बघायला मजा येते. पण रोजच्या कामाला मी देणार नाही. एक तर ती मूळ स्वरूपात रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार हातात घेऊन चालते. आणि पेनड्राइव्हवर चालवताना केलेले बदल रॅममध्ये राहतात, ठरावीक वेळाने किंवा बंद करताना सेव्ह होतात. आपल्याकडे जुलैत लाईट किती वेळा जाते हे सांगायला नको, आणि मामांच्या यूपीएसची बॅटरी कधीच गेली आहे. मेलेल्या मशीनमधून फोटो काढून घ्यायला मात्र पपी हाताशी असू द्या.

जुन्या मशीनवर घालता येणाऱ्या गुगलच्या क्रोम ओएस फ्लेक्सबद्दल बहिणीने विचारलं होतं. किमान ४ जीबी रॅम लागते, इन्स्टॉल करताना डिस्क पूर्ण पुसली जाते, विंडोज शेजारी ठेवता येत नाही आणि प्ले स्टोअरची अ‍ॅप चालत नाहीत. नुसता ब्राउझर हवा असेल तर बरं आहे. तिला शाळेच्या फाइली नेट नसतानाही लागतात, म्हणून नको म्हटलं.

निर्णय अडतो तो बहुतेक वेळा सिस्टीमवर नाही, तर एखाद्या कामावर. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे. हिशेब त्याच मशीनवर होत असतील तर या सगळ्या चर्चेला अर्थ नाही, मशीन बदला. मामांची टॅली अकाउंटंटकडे असते, ती अडचण नव्हती. अडचण होती शेतकऱ्यांना द्यायच्या पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदाची. ती युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली. लिब्रे ऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर नुसती चिन्हांची भेंडोळी. फॉन्टची फाइल कॉपी केल्यावर जुन्या पट्ट्या वाचता आल्या, पण नवी लिहायला लागणारं जुनं टायपिंग सॉफ्टवेअर लिनक्सवर चाललं नाही. शेवटी वजन, दर, तोलाई, हमाली असा सगळा तक्ता युनिकोडमध्ये नव्याने मांडला. एक संध्याकाळ गेली. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच, उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी आयबस हे टायपिंगचं साधन घालावं लागतं.

प्रिंटरचंही तसंच. दुकानादुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो, त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि तो सरळ बसत नाही. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीचं प्लगइन उतरवून घ्यावं लागतं, मग चालतो.

दोन छोट्या खर्चांबद्दल. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ बटन सेल संपला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला "सुरक्षित नाही" म्हणायला लागतो. निम्म्या वेळा "नेट चालत नाही" ही तक्रार म्हणजे हा सेल असतो. आणि फिरती हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क बसवली, तर या चार सिस्टीममधल्या फरकापेक्षा मोठा फरक पडतो. बहिणीच्या लॅपटॉपला ती बसवली. मामा म्हणाले, "हाय त्यावर चालतंय न्हवं? मग राहू दे."

तुम्ही ठरवताना एकाच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (एका पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टीम सुरू करून देणारं साधन) टाका, मिंट आणि अँटीएक्स दोन्हींच्या आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेल्या फाइली त्यात कॉपी करा आणि इन्स्टॉलचं बटण न दाबता दोन्ही चालवून बघा. पेनड्राइव्हवरून थोडं सावकाश चालेल, ते सोडून द्या. वायफाय लागतो का, आवाज येतो का, आणि रोज जो कागद छापता तो छापून येतो का, एवढं बघा. तो कागद हातात आल्याशिवाय विंडोज पुसू नका.