अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी हवेची गादी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आई रुग्णालयातून घरी आली तेव्हा तिची उजवी बाजू पूर्ण निकामी झालेली होती, स्वतःहून कूस बदलणे तिला जमत नव्हते आणि कुठे दुखत असले तरी ते शब्दांत सांगता येत नव्हते. निघताना वॉर्डातल्या सिस्टरांनी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या होत्या: भरवताना घाई करू नका आणि पाठीला जखम होऊ देऊ नका. दुसऱ्या सूचनेपायी आम्ही त्याच आठवड्यात पंपावर चालणारी हवेची गादी आणली. गेले आठ महिने ती रोज चोवीस तास वापरात आहे. जी घरे आज ही गादी घ्यावी की नाही या विचारात आहेत त्यांच्यासाठी, गादी नेमके काय करते आणि काय करत नाही, हे मी अनुभवाच्या आणि या विषयावरील संशोधनाच्या आधारे सविस्तर लिहीत आहे.

ही गादी पलंगावरच्या नेहमीच्या गादीवर अंथरायची असते. तिच्यावर फुगणाऱ्या कप्प्यांच्या रांगा असून त्या दोन गटांत विभागलेल्या आहेत. पंप एका गटात हवा भरतो तेव्हा दुसऱ्या गटातली हवा उतरते आणि काही मिनिटांनी हाच क्रम उलटतो, त्यामुळे शरीराचा भार एकाच जागी सलग राहत नाही. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व मांस चेपले जाते, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि त्या भागाला रक्तपुरवठा होईनासा होतो. जखमेची सुरुवात पुष्कळदा वरच्या कातडीवर नसून हाडालगतच्या मांसात होते, म्हणूनच वर दिसणारा लहानसा डाग आतल्या मोठ्या नुकसानीची खूण असू शकतो. मायकेल कोसिआक यांनी 1959 साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते की फार मोठा दाब थोडा वेळ राहिला तरी इजा होते आणि कमी दाब बराच वेळ राहिला तरीही होते. दाबाइतकाच वेळही महत्त्वाचा, हीच या गादीमागची कल्पना आहे.

कल्पना योग्य आहे आणि यंत्र ती बऱ्यापैकी पार पाडते. पंपाचा आवाज मंद आहे. दोन-तीन रात्रींनंतर आईची झोप त्यामुळे मोडली नाही. पंप पलंगाच्या पायथ्याच्या पट्टीला आकड्यांनी अडकतो. गादीच्या दोन्ही टोकांचे पदर खालच्या गादीखाली खोचावे लागतात. ते नीट खोचले नाहीत तर रुग्णाला वर सरकवताना सगळी गादीच सरकते. वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करण्याची कळ मात्र पुरेशी स्पष्ट नाही. तिच्यावरच्या खुणा केवळ अंदाज देतात, आणि आम्ही पहिले दहा दिवस गादी गरजेपेक्षा टणक ठेवली होती, हे घरी येणाऱ्या परिचारिकेने लक्षात आणून दिले.

तिने शिकवलेली तपासणी मी आजही रोज करतो. रुग्ण पाठीवर असताना, कप्प्यांतली हवा उतरलेली असेल अशा वेळी, माकडहाडाच्या बरोबर खाली, हवेची गादी आणि खालची गादी यांच्यामध्ये तळहात वर करून सरकवायचा. हाताला हाडाचा भार थेट जाणवला तर गादी खाली टेकली आहे आणि तिचा काही उपयोग होत नाही. हाताच्या वर साधारण 2.5 सेंटिमीटर फुगवटा राहिला पाहिजे. माहितीपुस्तिकेत याचा एका ओळीनेही उल्लेख नाही आणि ही उणीव मला गंभीर वाटते, कारण गादी फुगलेली दिसते म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि डोके उंच केल्यावर कमरेखालचा भाग मात्र टेकलेला असतो.

त्याहून गंभीर गोष्ट खोक्यावर छापलेली आहे. या गादीमुळे रुग्णाची कूस बदलण्याची गरज राहत नाही, अशा अर्थाचे वाक्य तिथे आहे, आणि ते खोटे आहे. युरोप, अमेरिका आणि पॅसिफिक भागातील तज्ज्ञ मंडळांनी मिळून दाबामुळे होणाऱ्या जखमांविषयी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही गादी कोणतीही असली तरी कूस बदलणे चालूच ठेवायला सांगितले आहे; किती वेळाने बदलायची हे मात्र रुग्णाची त्वचा, हालचाल आणि गादीचा प्रकार पाहून ठरवायचे आहे.

संशोधनातले आकडे पाहिले तर या गादीकडून किती अपेक्षा ठेवावी हे कळते. ब्रिटनमध्ये 42 रुग्णालयांत व निवासी केंद्रांत 2029 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रेशर-2 या चाचणीत निम्म्या रुग्णांना दाब आलटून-पालटून बदलणारी हवेची गादी दिली आणि निम्म्यांना उत्तम प्रतीच्या फोमची. हवेच्या गादीवर 6.9 टक्के रुग्णांना, तर फोमवर 8.9 टक्के रुग्णांना नवी जखम झाली. हा फरक हवेच्या गादीच्या बाजूचा असला तरी तो योगायोगाने आलेला नाही असे ठामपणे म्हणण्याइतका मोठा नव्हता. म्हणजे उत्तम फोमची गादी उपलब्ध असेल तर हवेची गादी नाही म्हणून कोणी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. आणि हवेची गादी असूनही शंभरांतल्या जवळपास सात जणांना जखम झालीच, हेही विसरता येत नाही. ही चाचणी रुग्णालयातल्या दर्जेदार गाद्यांची होती, त्यामुळे घरगुती गादीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावण्याआधी मी तरी विचार करीन.

दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम तर पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांच्या पथकाने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या टर्न या अभ्यासात अमेरिका व कॅनडातील 27 वृद्धनिवासांमधील 942 जणांची कूस काहींची दोन, काहींची तीन आणि काहींची चार तासांनी बदलली गेली. सगळे दाट फोमच्या गाद्यांवर होते आणि तिन्ही गटांत जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हे वाचून मला फार मोठा दिलासा मिळाला, कारण रात्री दर दोन तासांनी उठून तीन महिन्यांत माझ्या वडिलांची तब्येत ढासळली होती. तरीही आम्ही स्वतःच्या मनाने वेळ वाढवली नाही. परिचारिकेने सलग आठवडाभर त्वचा तपासून, कुठेही खूण उमटत नाही याची खात्री झाल्यावर रात्रीचा अंतराल तीन तासांचा केला, दिवसाचा मात्र दोनच ठेवला.

कूस कशी बदलायची याचाही शोध घेतला गेला आहे. आयर्लंडमध्ये झेना मूर आणि सहकाऱ्यांनी 213 वृद्धांवर केलेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्री दर तीन तासांनी 30 अंशांत कलवून ठेवलेल्या गटात 3 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात 11 टक्के जणांना जखम झाली. पूर्ण कुशीवर निजवले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून थोडेसेच कलते ठेवले तर माकडहाड आणि खुबा दोन्ही मोकळे राहतात. आम्ही आईला असेच ठेवतो, दोन गुडघ्यांमध्ये मऊ उशी आणि पोटऱ्यांखाली आडवी उशी देतो, जेणेकरून टाचा अधांतरी राहतात. हवेची गादी टाचांचे रक्षण पुरेसे करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. टाचेला मांसच फार थोडे असते, आणि पंप नीट चालू असताना आमच्याकडे लालसर डाग दोनदा दिसला तो दोन्ही वेळा टाचेवरच.

हा डाग ओळखण्याची रीत घरातल्या प्रत्येकाने शिकावी. बोटाने दाबून सोडल्यावर जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरते आहे. दाबूनही लालीच कायम राहिली तर ती पहिल्या अवस्थेतली इजा होय. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ही लाली दिसेलच असे नाही, आणि अशा त्वचेवरची सुरुवातीची इजा उशिरा लक्षात येते, याकडे अलीकडच्या परिचर्या संशोधनात आग्रहाने लक्ष वेधले जाते. माझी आई सावळी आहे, त्यामुळे आम्ही डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवतो: उलट्या हाताने आजूबाजूच्या त्वचेशी तुलना करून ती जागा गरम, थंड, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का ते पाहतो आणि स्पर्श होताच तिचा चेहरा आक्रसतो का याकडे लक्ष देतो.

आता गादीच्या दोषांविषयी. पाचव्या महिन्यात एका पहाटे पंप बंद पडला. धोक्याची सूचना देणारा दिवा किंवा आवाज या पंपात नाही, त्यामुळे ते कळायला आम्हाला तीन-चार तास लागले, आणि तोवर आई जवळजवळ सपाट झालेल्या प्लॅस्टिकवर निजलेली होती. माकडहाडावरचा डाग उतरायला दोन दिवस गेले. बदली पंप मिळायला आठवडा लागला आणि दूरध्वनीवर मिळालेली उत्तरे उडवाउडवीची होती. पंप बंद पडल्यास किंवा वीज गेल्यास गादी किती वेळ फुगलेली राहते हे विकत घेण्यापूर्वी विचारावे, आणि दाब घटल्यावर सूचना देणारा पंप मिळत असेल तर तोच घ्यावा. नळी पलंगाच्या कडेला मुडपली गेली तरीही हवा थांबते. आम्ही ती दररोज सकाळी हाताने चाचपून पाहतो.

दुसरा दोष कापडाचा. वरचे आवरण हवा खेळू देत नाही, पाठीला घाम येतो आणि ओलसर त्वचा लवकर सोलवटते. त्यावर उपाय म्हणून आम्ही सुरुवातीला जाड चादर, तिच्यावर रबरी शीट आणि त्यावर घडी घातलेला कपडा असे थर चढवले होते, जे पूर्णपणे चुकीचे होते. थर जितके जास्त तितका हवेचा फायदा कमी आणि सुरकुत्या अधिक. आता एकच पातळ सुती चादर, ताणून, आणि ओले होताच ती बदलणे एवढेच ठेवले आहे. वर सरकवताना आम्ही दोघे आडव्या चादरीची टोके धरून आईला उचलून घेतो, ओढत नाही, आणि भरवण्याची वेळ सोडता पलंगाचे डोके 30 अंशांहून वर ठेवत नाही, कारण शरीर खाली घसरताना कातडी एकीकडे आणि हाड दुसरीकडे ओढले जाऊन जी इजा होते तिला कोणतीही गादी आवरू शकत नाही.

अशी जखम होण्याचा धोका मोजण्यासाठी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी 1987 साली मांडलेल्या मापनपट्टीत संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, पोषण आणि घर्षण अशा सहा बाबींना मिळून 6 ते 23 गुण दिले जातात. गुण जितके कमी तितका धोका अधिक. घरी आली तेव्हा आईचे 11 गुण होते, गेल्या आठवड्यात 14 झाले. यातली वाढ ओलाव्याच्या आणि पोषणाच्या गुणांत आहे, आणि त्या दोन्हींतली सुधारणा गादीमुळे झालेली नाही.

इतके दोष सांगूनही मी ही गादी परत केलेली नाही. ज्याला स्वतः हलता येत नाही आणि ज्याच्याजवळ उत्तम फोमची गादी नाही, अशा रुग्णासाठी ती घ्यावी, असे मी सांगेन. सूचना देणारा पंप, टाचांसाठी वेगळी उशी आणि पहिल्या आठवड्यात दाब तपासून देणारी परिचारिका, हे तिन्ही तिच्यासोबतच ठरवून घ्यावे. आठ महिन्यांत आईच्या पाठीवर एकही जखम उघडलेली नाही. आज सकाळी कूस बदलताना मी माकडहाडावर हात ठेवला तेव्हा ती जागा कोरडी होती आणि आजूबाजूइतकीच उबदार होती.