टँकर नसलेला ताफा (४ तारे)

धरमपेठेतल्या एका मॉडेलवाल्याकडून 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाचा अख्खा ताफा घेतला. रेझिनचा, १:७०० मापाचा, ४,८०० रुपयांना. नौदलात इंजिनरूमला होतो, त्यातही बराच काळ टँकरवर, म्हणजे भर समुद्रात ताफ्याला तेल पुरवणाऱ्या जहाजावर. तेव्हा नजर खडूस आहे, आधीच सांगून ठेवतो.

विक्रांत झकास जमलंय. खरं जहाज २६२ मीटरचं, पट्टी लावली तर हे साडेसदतीस सेंटिमीटर भरलं. पुढचा चढ, उतरत्या विमानाचा हूक धरणाऱ्या मागच्या तीन तारा, दुमडल्या पंखांची मिग-२९के, सगळं जागच्या जागी. पण कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरला वर एकच पंखा? अरे भाऊ, त्याला एकावर एक असे दोन असतात, म्हणूनच तर शेपटीला पंखा लागत नाही. ते शोभेचं हेलिकॉप्टर नाही. क्षितिजापलीकडून पाण्यालगत येणारं क्षेपणास्त्र जहाजाच्या रडारला दिसत नाही, याच्या पोटाखालच्या रडारला वरून दिसतं.

सोबत कोलकाता वर्गाच्या दोन विनाशिका आणि शिवालिक वर्गाची एक फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौका. हवेतून येणारा मारा विनाशिकांनी बराक-८ क्षेपणास्त्रांनी अडवायचा, म्हणजे निवड योग्यच. पाणबुडी नाही, त्याची तक्रार नाही. ती दिसली तर तिचं काम फसलं म्हणायचं.

पण टँकर कुठाय? विक्रांत अणुशक्तीवर नाही, चार गॅस टर्बाइनवर चालतं. विमानांचं इंधन वेगळंच. अमेरिकेची अणुशक्तीवाली विमानवाहू जहाजंसुद्धा विमानांसाठी आणि सोबतच्या विनाशिकांसाठी तेलाचं जहाज मागतात. आपल्याकडे 'दीपक' नाहीतर 'शक्ती' जवळ हवीच. भर समुद्रात दोन जहाजं शेजारी-शेजारी, बारा-चौदा नॉटचा वेग, मध्ये ताणलेली तार, तिला लोंबणारा होस, आणि सुकाणूवरच्या पोराने पापणी लववायची नाही. ताफा या होसावर जगतो. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "काका, टँकर कोण घेते?" मी घेतो ना बे!

लाकडी पाटावर चारही जहाजं खेटून बसवलीत. फोटोपुरतं ठीक. एरवी ती किलोमीटरच्या किलोमीटर पांगलेली असतात. दहा किलोमीटर म्हणजे या मापात चौदा मीटर, म्हणजे एक विनाशिका शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात ठेवावी लागेल.

जोडताना कूलर बंद ठेवा, नाहीतर विमानं खरंच उडतात. आणि मे महिन्यात गॅलरीत ठेवू नका, आपल्या उन्हात रेझिन वाकतं. माझ्या फ्रिगेटची डोलकाठी गेली, दुकानदाराने विनातक्रार दुसरी दिली. 'दीपक' वेगळं छापून द्यायलाही आता तयार झालाय, नऊशे रुपयांत. मोठ्या जहाजाच्या हौसेने घेणाऱ्यांनी तेही सोबतच मागून घ्या.