गोठवलेल्या खडकाची कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली, त्या लॅबबद्दल

लडाखमधल्या एका उंचावरच्या उताराच्या कामासाठी सँडस्टोनचे कोअर, म्हणजे खडकातून कापून काढलेले दंडगोल तुकडे, गोठवून दाबून बघायचे होते. साधी कॉम्प्रेशन टेस्ट कुठेही होते हो, पण उणे तापमानात करून देणारी लॅब शोधता शोधता नाकीनऊ आले. शेवटी ही मिळाली. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

आवडलं ते आधी. एका डमी कोअरला मधोमध भोक पाडून त्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घातला होता आणि तो बाकीच्या कोअरसोबतच चेंबरमध्ये ठेवला. डिस्प्लेवर उणे 10 कधीचं दिसत होतं, पण डमीच्या पोटात तेवढी थंडी पोचेपर्यंत त्यांनी मशीनला हात लावला नाही. कोअर क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळलेले, नाहीतर कोरड्या हवेत पृष्ठभागाजवळचा बर्फ उडून जातो.

आणि कर्व्ह, म्हणजे किती जोर लावला की कोअर किती दबला याचे आलेख, काय सुंदर आले! न गोठवलेल्या ओल्या कोअरचा कर्व्ह सुरुवातीला रेंगाळतो, कारण बारीक भेगा आधी मिटत असतात. गोठवलेल्यात त्याच भेगांत बर्फ बसलेला, त्यामुळे जवळपास पहिल्यापासून सरळ चढण, शिखरही वर, आणि मग फाडकन आवाज करून तुटला. तुकडे हातात घेतले तर उभ्या चिरा. कोरडे कोअर गोठवूनही फार बदलले नाहीत, म्हणजे जोर खडकातल्या बारीक भोकांतल्या बर्फाचा.

आता तक्रार. पहिल्या बॅचला त्यांनी प्लेटन, म्हणजे कोअरला दोन्ही टोकांनी दाबणाऱ्या मशीनच्या चकत्या, थंडच केले नव्हते. कोअरची टोकं त्यांना टेकताच वितळून ओली झाली, पाण्याचा पातळ थर आला, टोकांचं घर्षण गेलं आणि आकडे कमी आले. मी टोकं दाखवली तेव्हा थोडी हुज्जत झाली, पण मग पूर्ण बॅचची टेस्ट फुकटात पुन्हा केली, हे मान्य करायलाच हवं.

दुसरं म्हणजे उणे 2 ला टेस्ट करायला ते तयारच नव्हते, चेंबर शून्याच्या एवढ्या जवळ स्थिर राहत नाही म्हणाले. माझ्या कामात खरी गोम तिथेच आहे. शून्याच्या जरा खाली बारीक भोकांतलं पाणी पूर्ण गोठलेलं नसतं, आणि खडकाच्या सांध्यातला (मोठ्या भेगेतला) बर्फ हळू दाबला की तुटण्याऐवजी सरकत राहतो. 2003 च्या जुलैत, उष्णतेच्या लाटेत, आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या हॉर्नली धारेवर दरड कोसळली तेव्हा पडलेल्या जागी बर्फ उघडा पडला होता. डिझाइनला उणे 10 चा दणकट आकडा धरला आणि उन्हाळ्यात तापमान वर गेलं तर? हळू लोड लावायचा पर्यायही नाही, एकच ठरलेला वेग.

5 पैकी 4 देतो. उणे 10 किंवा त्याखालचं हवं असेल तर बिनधास्त जा, कोअर सॅच्युरेट करूनच (पाण्याने पूर्ण भिजवूनच) द्या, आणि टेस्टच्या आधी प्लेटन गार झालेत का ते स्वतः हात लावून बघा.