रविवारचा ‘शोधून शिका’ पद्धतीचा विज्ञानाचा वर्ग, लातूर: ५ महिन्यांचा हिशोब

महिन्याला ७०० प्रमाणं ५ महिने फी भरलीय, म्हणून आता बोलायचा हक्क आहे माझा. वर्गाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रार पण केलीय, आणि लातूर काय एवढं मोठं नाही, औसा रोडवर चहा प्यायला गेलं की भेट होतेच. लेक सहावीत आहे. रविवारी ११ ते १, पत्र्याच्या शेडमधी वर्ग, समोर मोकळं मैदान, एक लिंबाचं झाड.

पहिल्या रविवारी घ्यायला गेलो तर सगळी लेकरं मैदानात काठ्या रोवून उकिडवी बसलेली. काय शिकवलं म्हणून विचारलं तर लेक म्हणे, सर काही शिकवायलेच नाहीत, नुसतं विचारायलेत. काय विचारलं? तर सावली सगळ्यात लहान किती वाजता होते. म्हणलं हे काय विचारायचं, १२ वाजता. ती म्हणे मी पण तेच सांगितलं तर सर म्हणाले बघ मग. एवढंच. ७०० रुपयांत ‘बघ मग’. आमच्या ट्यूशन एरियात तेवढ्या वेळात दीड चॅप्टर उडवतात.

पुढचा रविवार जानेवारीच्या शेवटचा. त्या दिवशी १ ला वर्ग सुटलाच नाही, आम्ही पालक गाड्यांवर बसून उन्हात घड्याळ बघायलो, एकजण तर चिडून निघूनच गेले. आत काय चाललं होतं ते घरी आल्यावर कळलं. दुपारी सावलीची लांबी इतकी हळू बदलते की पट्टीनं मोजून नक्की मिनिट सापडत नाही, लेकरांची भांडणं लागली, कुणी म्हणे साडेबारा, कुणी म्हणे पावणेएक. मग सरांनी काठीभोवती दोरीनं गोल आखायला लावला. सकाळी सावलीचं टोक गोलाला कधी शिवतं ते लिहायचं, ती आत जाते, परत वाढत वाढत दुसऱ्या बाजूला कधी शिवते ते लिहायचं, आणि दोन्हीच्या मधली वेळ काढायची, तीच सावली सगळ्यात लहान असायची वेळ. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषांची शंकूची रीत ती हीच, शंकू म्हणजे साधी उभी काठी. लेकीच्या वहीत ११:३० आणि १:४२. मधली वेळ आली १२:३६.

आता ३६ मिनिटांचा घोळ घरात आला. माझ्या आईचं म्हणणं काठी वाकडी रोवली असणार. मी म्हणलं तुमच्या सरांचं घड्याळ पुढं असेल. लेकीनं काय करावं, नागपूरच्या मावसबहिणीला फोन लावून पुढच्या रविवारी तिला गच्चीवर काठी घेऊन बसवलं. तिकडं १२:२७, इकडं १२:३७. मग नकाशा निघाला, नागपूर पूर्वेला, तिथं दुपार आधी होते. आणि हे तिनं सरांना जाऊन सांगितलं, सरांनी तिला नाही. त्यानंतर कुठं सर फळ्याकडं गेले: भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, ती रेघ मिर्झापूरजवळून जाते, लातूर साडेशहात्तरच्या आसपास, एका अंशाला ४ मिनिटं म्हणजे आपली दुपार साधारण २४ मिनिटं उशिरा. मी स्वतः बीएस्सी आहे हो, रेखांश पाठ करून मार्क घेतलेत, पण आपल्या अंगणातली दुपार १२ ला होत नाही हे ४२ वर्षांचा होईपर्यंत कळलं नव्हतं.

पण ३६ मधून २४ गेले, राहिलेली १२ कुठली? सर म्हणे दर महिन्याला एकदा मोजा. वही चालूच राहिली, आकडा हळूहळू खाली यायला. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो म्हणून दुपार पण लवकर, असं लेकीनं ठरवून टाकलं. सरांचा प्रश्न, मग मावळतो पण उशिराच की, मधला टाइम कशाला हलेल? दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही ही. शेवटी त्यांनी सांगितलं की पृथ्वीची वाट पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळं सूर्य घड्याळाच्या कधी मागं कधी पुढं असतो. सहावीच्या लेकराला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही, मलाही नाही कळलं, पण आता तिच्याकडं प्रश्नाची जागा तरी आहे.

साबणाचा पण एक रविवार मस्त झाला. घरचं बोअरचं, टँकरचं आणि आरओचं पाणी बाटल्यांत घ्यायचं, साबणाचा कीस विरघळवून थेंब थेंब टाकायचा आणि फेस यायला किती थेंब लागले ते मोजायचं. बोअरच्या पाण्याला इतके लागले की आमच्या बायकोनं त्याच दिवशी कपड्याच्या साबणाचा हिशोब माझ्यापुढं मांडला.

आता तक्रार. मार्चपासून गर्दी वाढली, सरांनी दुसरी बॅच काढली आणि आमच्या लेकीला तिकडं टाकलं, न विचारता. तिथं शिकवायला नवीन पोरगा, लेकरं ४०, साहित्याचे संच ५. खायचा सोडा, व्हिनेगर, फुगे समोर ठेवले आणि ‘शोधा’ म्हणून सांगून हा मोबाइल घेऊन बसला. काय शोधणार? फुगे फुटले, फ्रॉकला डाग पडला, तीन रविवार गेले. विचारलं तर म्हणे मुलांना स्वातंत्र्य देतोय. असं स्वातंत्र्य आमच्या गल्लीत फुकट मिळतं.

आमचे भाऊजी झेडपीत शिक्षक आहेत, त्यांनी यावर मला चांगलंच ऐकवलं. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं, पुढं शेकडो शाळांत गेलं, परीक्षेत पुस्तक उघडून लिहायची मुभा होती, आणि २००२ ला सरकारनं ते बंद केलं. त्यांचं म्हणणं, तिथं प्रत्येक प्रयोगामागं मास्तरांची ट्रेनिंग होती, मुलाला कोणता प्रश्न कधी टाकायचा याची तयारी होती, नुसतं सामान वाटून कुणी बाजूला बसत नव्हतं. मला तेव्हा उजेड पडला की सर ‘बघ मग’ म्हणून गप बसायचे ते रिकामे बसत नव्हते, दोरी आणि गोल आधीपासून त्यांच्या डोक्यात होता.

भांडून लेकीला परत सरांच्या बॅचला आणलं. जूनची फी ९०० करणार म्हणे, ते मला पटलेलं नाही, पावती पण मागितल्याशिवाय देत नाहीत. बाथरूम शेजारच्या दुकानात आहे, मुलींसाठी ते काही बरं नाही. आणि शेजारचे विचारतात याचा मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेला काय उपयोग, तर सरळ उत्तर, थेट काहीच नाही, तेवढ्यासाठी जायचं असेल तर जाऊ नका.

ज्यांना घालायचंय त्यांनी आधी विचारा बॅच कुणाची आणि लेकरं किती. २० च्या वर असतील तर थांबा. टोपी आणि पाण्याची बाटली द्या, मैदानात सावली फक्त त्या एका लिंबाची. आमच्या काठीची तर मेच्या मध्यावर गच्चीत गायबच झाली, १२:२० ला, आई मुद्दाम जिना चढून बघायला आली आणि म्हणाली, काठी सरळ रोवलीय ह्या वेळी.