‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची एकखंडी प्रत: काही महिने वापरल्यावर, पात्रांच्या हिशोबानं

आधी प्रतीबद्दल. टॉल्किनची ही कादंबरी 1954-55 मध्ये तीन खंडांत आली, पण आतले भाग सहा, प्रकरणं 62 आणि शेवटी सहा परिशिष्टं. सगळं एकत्र असलेली पेपरबॅक प्रत हजाराहून जास्त पानांची होते. नकाशे आणि नामसूची पुन्हा पुन्हा उघडावी लागते, त्यामुळे पुढची-मागची पानं आधी सुटू लागतात आणि काही महिन्यांत कण्यावर घड्या पडतात. तीन सुटे खंड हाताला हलके, पण परिशिष्टं तिसऱ्यात, म्हणजे तो कायम जवळ हवाच. ई-बुकमध्ये नाव चटकन शोधता येतं, नकाशे मात्र छोट्या पडद्यावर धड वाचता येत नाहीत.

नावांचा त्रास होतो, पण वाटतो तिथे नाही. मुख्य शत्रू साउरॉनची अंगठी नष्ट करण्याच्या मोहिमेवर निघालेले नऊ जण लवकर ओळखीचे होतात; ती अंगठी वाहतो तो फ्रोडो हा हॉबिट (बुटक्या जमातीतला), आणि सॅम, मेरी, पिपिन हे त्याचे सोबती. अडतं ते एकाच माणसाच्या अनेक नावांपाशी: स्ट्रायडर, ॲरागॉर्न आणि एलेसार एकच, जादूगार गॅन्डाल्फ आणि मिथ्रान्दिर एकच. रोहन या घोडेस्वारांच्या राज्यात एओमेर, एओविन, एओमुंड एका घरातले. ऑडिओबुक घेणार असाल तर साउरॉन आणि फितूर जादूगार सारुमान कानाला इतके जवळचे लागतात की सुरुवातीला गफलत ठरलेली. वहीत दर पात्राला अर्धं पान द्या: सगळी नावं, कोणाचा कोण, पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात येतो. एवढ्यावर भागतं.

बरेच वाचक पुस्तक सोडतात ते एलरॉन्ड या एल्फ-प्रमुखाच्या सभेच्या प्रकरणात. लांबलचक बैठक, एकामागून एक बोलणारे, आणि बहुतेक घटना दुसरीकडे घडून गेलेल्या. सारुमानची फितुरीसुद्धा आपण इथे गॅन्डाल्फच्या तोंडून ऐकतो. हे प्रकरण गाळू नका. गॅन्डाल्फ बोलायला लागतो तिथे थांबा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचा.

वहीत नायक, खलनायक, सहायक असे रकाने पाडले तर अर्ध्या वाटेत खाडाखोड सुरू होते. त्याऐवजी एकच रकाना ठेवा: अंगठी हाताशी आली तेव्हा यानं काय केलं? गॅन्डाल्फला फ्रोडो ती स्वतःहून देऊ करतो, तो घाबरून नाकारतो. एल्फांची राज्यकर्ती गॅलाड्रिएल हिलाही देऊ करतो. ती क्षणभर स्वतःला राणी झालेली पाहते आणि मग नाही म्हणते. जंगलात राहणारा गूढ टॉम बॉम्बाडिल बोटात घालतो आणि काहीच होत नाही. (त्याला कुठल्याही रकान्यात बसवायचा खटाटोप करू नका.) नऊ जणांतला बोरोमिर हिसकावू पाहतो, पण थोड्याच वेळानं मेरी-पिपिनना वाचवताना मरतो. त्याचा भाऊ फारामिर हाताशी आलेली संधी सोडून देतो. सिनेमा पाहून आलेल्यांना हे खटकतं, कारण तिथे फारामिर फ्रोडोला ऑस्गिलियाथ या उद्ध्वस्त शहरापर्यंत ओढत नेतो. सॅम काही काळ अंगठी बाळगतो आणि परत करतो. आणि फ्रोडो? अग्निकुंडाच्या काठावर तो ती स्वतःची म्हणून बोटात घालतो. मोहीम पुरी होते ती अंगठीचा जुना मालक असलेल्या गॉलममुळे, बोटासकट अंगठी तोडून तो खाली कोसळतो म्हणून.

हे नीट कळायला चौथ्या भागातला किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवरचा प्रसंग सावकाश वाचायला हवा. शेलॉब या राक्षसी कोळिणीकडे जाऊन आलेला गॉलम परततो तेव्हा सॅम बसल्या बसल्या झोपलाय आणि फ्रोडोचं डोकं त्याच्या मांडीवर आहे. गॉलमच्या डोळ्यांतली चमक विझते. तो वळतो, घुटमळतो, परत येतो आणि थरथरता हात फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि चोरटा म्हणून त्याच्यावर खेकसतो. संपलं, डोळे पुन्हा हिरवे. सगळ्या पुस्तकातला सर्वांत प्रेमळ माणूसच इथे गॉलमची परतीची वाट बंद करतो, तीही नकळत. जेमतेम पानभराचा मजकूर आहे, घाईत सहज निसटतो.

खलनायकांबद्दल तक्रार ऐकू येते की साउरॉन कधी समोर येतच नाही. खरं आहे. त्याची नजर, हेर आणि दूत एवढंच दिसतं, आणि भीतीसाठी ते पुरतं. समोरासमोर बोलणारा खलनायक हवा असेल तर सारुमान आहे: तिसऱ्या भागात त्याच्या आवाजाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सहाव्यात तो हॉबिटांच्या गावी येऊन झाडं तोडायला लावणारा क्षुद्र गुंड झालेला दिसतो. अंगठी नष्ट झाली की बरेच जण उरलेली प्रकरणं चाळतात. तसं करू नका, मेरी आणि पिपिन स्वतःच्या हिमतीवर उभे राहतात ते तिथेच.

तारखांप्रमाणे तिसरा-चौथा आणि पाचवा-सहावा भाग आलटून पालटून वाचायचा सल्ला कुणी दिला तर पहिल्या वाचनाला टाळा. पाचव्या भागाच्या शेवटी शत्रूचा दूत फ्रोडोचं चिलखत दाखवतो. तोवर फ्रोडो पकडला गेलाय एवढंच आपल्याला माहीत असतं. क्रम बदललात की सॅमनं त्याला सोडवलेलं आधीच वाचून झालेलं असतं आणि तो प्रसंग फुकट जातो.

स्त्रीपात्रं कमी आहेत, हा दोष खराच. एओविनला तिच्या तोलाचं काम मिळालंय. एलरॉन्डची मुलगी आर्वेन हिला मूळ कथेत जवळपास काहीच नाही: नदीच्या उतारापर्यंत फ्रोडोला आणणारा पुस्तकात ग्लॉरफिंडेल हा एल्फ आहे, आणि ती प्रत्यक्ष बोलते ती थेट सहाव्या भागात. तिची आणि ॲरागॉर्नची गोष्ट पहिल्या परिशिष्टात आहे. पाचवा भाग सुरू करण्याआधी ती वाचावी, असं मी सुचवीन. शेवट थोडा आधी कळतो, पण एओविनला ॲरागॉर्न नकार का देतो ते मग कोड्यासारखं वाटत नाही.