पहाटेच्या विमानाआधीचे दोन तास : मुंबईच्या टर्मिनल २ मधील लाउंज

नागपूरला जाणारे आमचे विमान पहाटे पाच चाळीसचे होते आणि सोबत शहात्तर वर्षांची आई होती. ठाण्याहून अडीच वाजता निघून, सुरक्षा तपासणी आटोपून साडेतीनच्या सुमारास आम्ही देशांतर्गत उड्डाणांच्या बाजूच्या एका लाउंजच्या, म्हणजे विमानाची वाट पाहत बसायच्या आरामकक्षाच्या, दारात पोहोचलो. फुकट खायला मिळते म्हणून लाउंजमध्ये जाणारे पुष्कळ असतात, त्यात गैर काही नाही. परंतु पहाटेच्या वेळी लाउंजची खरी परीक्षा जेवणात नसून म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकायला जागा आणि स्वच्छ प्रसाधनगृह मिळते का, यात असते असे मला वाटते. त्या कसोटीवर हे लाउंज उतरले.

प्रवेश बँकेच्या कार्डावर मिळतो, त्याचे मात्र आधीच पाहून ठेवावे. आईचे रुपे डेबिट कार्ड यंत्रात घातले, दोन रुपये वळते झाले आणि तिला आत सोडले. माझ्या क्रेडिट कार्डावर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असणे ही बँकेची अट होती, ती पुरी झाल्याची खात्री मी घरूनच करून घेतली होती. आमच्या पुढच्या गृहस्थांनी ती केली नव्हती, त्यामुळे बायको आत आणि ते बाहेर अशी त्यांची पंचाईत झाली. अलीकडे बऱ्याच बँकांनी अशा अटी घातल्या आहेत. शिवाय एका कार्डावर बहुधा एकाच माणसाला प्रवेश मिळतो, हे कुटुंबासह जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आत गर्दी होती, तरी भिंतीकडेच्या दोन रुंद खुर्च्या मिळाल्या. आईने चपला काढून पाय वर घेतले आणि शाल पांघरून ती पाऊण तास शांत झोपली. बाहेरच्या धातूच्या बाकांवर ते शक्य झाले नसते. प्रसाधनगृह कोरडे होते, आधाराचा दांडा पक्का होता, आणि आम्ही असेपर्यंत ते दोनदा पुसलेले मी पाहिले.

खाण्याबाबत माझी तक्रार आहे. चारच्या सुमारास रात्रीचे पदार्थ उचलून न्याहारी मांडतात आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांत पाव, लोणी आणि कापलेले कलिंगड यांपलीकडे काही मिळत नाही. न्याहारी आली तेव्हा इडली वाफाळती आणि हलकी होती, सांबारही चांगले होते. पोहे मात्र झाकण काढताच कडेने वाळलेले दिसले. कर्मचाऱ्याने त्यांवर पाण्याचा हबका मारून ते पुन्हा झाकले, त्यामुळे वरचे गचके आणि खालचे कोरडे, असे ते झाले. मुंबईत, मराठी माणसांच्या राबत्याच्या ठिकाणी, पोह्यांची ही अवस्था असू नये. थोडे थोडे करून वरचेवर आणले तरी भागेल. चहा यंत्राचा आणि गोडमिट्ट होता. आईला मधुमेह आहे हे कळताच वाढणाऱ्या मुलाने “आजी, बसा, मी आणतो” म्हणत आतून बिनसाखरेचा चहा आणि गोळीसाठी कोमट पाणी आणून दिले. त्या मुलाचे कौतुक मी व्यवस्थापकांच्या कानावर घातले आणि पोह्यांचेही सांगितले.

वेळेचे भान मात्र स्वतःच ठेवावे लागते. आत प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, फलकावर नजर ठेवावी लागते. हे टर्मिनल इंग्रजी एक्सच्या आकाराचे असल्याने विमानात चढण्याचे काही दरवाजे लाउंजपासून बरेच लांब पडतात, आणि आमच्या विमान कंपनीचा दरवाजा उड्डाणाच्या पंचवीस मिनिटे आधी बंद होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन चालायचे म्हणून आम्ही पावणेपाचलाच उठलो. वाटेत सरकत्या पट्ट्यावर उभी असताना आई म्हणाली, “परतीच्या वेळीही अशी जागा असेल का रे?”