जुन्या सामानाने लावलेलं घर, तरीही मोकळं: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊन टाकलं. मुंबईतल्या छोट्या घरांत अडगळीची सुरुवात बहुतेक वेळा या एका वाक्याने होते, आणि जुन्या बाजारात तर ते पावलापावलावर तोंडात येतं. आमचं घर भांडुपला, वन बीएचके, कार्पेट चारशे चौरस फुटांच्या आत. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी हॉल आणि आतली खोली लावायला घेतली. गादी, पडदे, पंखे सोडले तर जवळजवळ सगळं सामान कुणीतरी आधी वापरलेलं आहे. आता अख्खा पावसाळा, दिवाळीची साफसफाई आणि एक उन्हाळा होऊन गेलाय, त्यामुळे काय टिकलं आणि काय घराबाहेर गेलं हे खात्रीने सांगू शकते.

माझ्याकडे आधी जागा ठरते, मग बाजार. फोनमधल्या टिपणात प्रत्येक रिकाम्या जागेची लांबी, उंची, खोली इंचांत लिहिलेली आहे आणि पुढे त्या जागेने घरात काय काम करायचं ते. 'दारामागे, १४ इंच, छत्र्या आणि पिशव्या' अशा ओळी. लिफ्टच्या दाराचं आणि जिन्याच्या वळणाचं मापही त्यातच. यादीत नसलेली वस्तू कितीही देखणी असली तरी तिचा फोटो काढते, भाव विचारते आणि पुढे जाते. पुढच्या खेपेपर्यंत ती डोक्यात राहिली आणि घरात तिच्यासाठी जागा सापडली, तरच पुन्हा विचार. दुसरा नियम आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. नवीन वस्तू आत यायच्या आधी जुनी बाहेर पडली पाहिजे, आणि 'बघू नंतर' म्हणून माळ्यावर काहीही चढवायचं नाही. माळा भरला की घर भरलं, असं त्या म्हणतात. खरंच आहे, माळ्यावर गेलेली वस्तू खाली येते ती घर बदलतानाच.

चोर बाजाराबद्दल आधी सांगते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. तिथल्या मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण शुक्रवारीच भल्या पहाटे आजूबाजूच्या रस्त्यांवर जुमा बाजार भरतो आणि ऊन चढेपर्यंत उठतो. तिथे वस्तू स्वस्त मिळतात, पण घर लावण्यासाठी मला तो बाजार मानवत नाही. अंधार, गर्दी, टेप काढायला उसंत नाही. मी आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी सँडहर्स्ट रोडला उतरून जाते. तेव्हा दुकानदार निवांत असतात, वस्तू उलटी करून बघू देतात, आणि दोन-तीनदा तोंडओळख झाली की 'ताई, हे जुनं नाही, जुन्यासारखं केलेलं आहे' असंही आपणहून सांगतात. जहाजावरचे म्हणून विकले जाणारे पितळी होकायंत्र, दुर्बिणी, कंदील बहुतेक आजच्या कारखान्यांतून आलेले असतात. शोभेसाठी ते घ्यायला हरकत नाही, पण भाव नव्याचा द्यावा. पितळ पारखायला पर्समध्ये एक छोटं लोहचुंबक ठेवते. पितळेला चुंबक चिकटत नाही, वरून मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतं. राजा रविवर्म्यांच्या छापचित्रांचंही तसंच. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पण आज गल्लीत दिसणारी पिवळट चित्रं बहुतेक अलीकडची छपाई असते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून पाहिलं आणि एकसारख्या ओळीत बसलेले रंगाचे बारीक ठिपके दिसले, की समजायचं. जुन्या मूर्तींना मात्र मी हात लावत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची मूर्ती सरकारकडे नोंदवावी लागते, आणि एखाद्या देवळातून काढून आणलेला देव माझ्या भिंतीवर नको, हे त्याहून मोठं कारण.

लाकडी सामानासाठी जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार बरा. तिथे पाडलेल्या इमारतींच्या तुळया, दारं, खिडक्या येतात आणि त्याच सागवानातून नवीन कपाटं, टेबलंही बनवून देतात. दुकानात शिरलं की आधी खण बाहेर ओढून त्याची मागची बाजू बघायची, कारण तिथे पॉलिश नसतं. लाकडाच्या रेषा आरपार गेलेल्या दिसल्या तर लाकूड भरीव. कडेला थर दिसले तर प्लाय, आणि भुसा दाबून केलेला बोर्ड असेल तर एका पावसाळ्यात फुगतो. पॉलिश चकचकीत असलेला तुकडा मी शक्यतो टाळते. मळकट पण उघडं लाकूड घ्यावं आणि आपल्या पॉलिशवाल्याकडून चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश मारून घ्यावं, म्हणजे खाली काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

पण सगळ्यात चांगलं सामान मला बाजाराबाहेर मिळालं, रिकाम्या होणाऱ्या घरांतून. गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळी पुनर्विकासाला जातायत, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी, म्हणजे ब्रिटिश काळात बांधलेल्या सरकारी चाळी, टॉवरमध्ये चालल्या आहेत. माझी आत्या अशाच एका चाळीत वाढली. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची, आणि तिथे सात-आठ माणसांचे संसार झाले. त्या खोल्यांतली एकेक वस्तू दोन-दोन कामं करायची. पेटीवर बसायचं आणि पेटीत अंथरुणं, फळीवर डबे आणि फळीखाली खुंट्यांना कपडे. म्हणून चाळीतलं सामान आजच्या वन बीएचकेत इतकं चपखल बसतं. ते मुळात जागेच्या तंगीसाठीच घडवलेलं आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, नात्यागोत्यात 'घर रिकामं करताय का' एवढं विचारून ठेवलं तरी पुष्कळ होतं. अशा घरी घासाघीस करू नये असं माझं मत आहे. भंगारवाला किलोवर देईल त्याहून चांगली रक्कम द्यावी आणि ती वस्तू घरात कुठे ठेवणार ते सांगावं. माणसांना ते ऐकायचं असतं.

आता वापराचं. हॉलमध्ये दोन इराणी खुर्च्या आहेत, इराणी हॉटेलांत असतात तसल्या, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या. या घडणीचं मूळ व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीच्या १८५९ च्या खुर्चीत आहे. ती सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नटांची होती, आणि एक घनमीटर खोक्यात सुट्या करून ३६ खुर्च्या मावत. आमच्याही स्क्रूंवरच उभ्या आहेत, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा पेचकस घेऊन सगळे आवळते. बैठकीचा वेत मध्ये खाली गेला होता, तो विणून घेतला. वजनाला हलक्या, म्हणून जेवताना टेबलाशी, पाहुणे आले की हॉलमध्ये, एरवी एक खुर्ची माझ्या लिहिण्याच्या जागी. या दोन आल्या तेव्हा प्लास्टिकच्या चार खुर्च्या वॉचमन काकांच्या खोलीत गेल्या, आणि तेवढ्यानेच हॉल मोठा वाटायला लागला.

दुसरी वस्तू म्हणजे मुनीम मांडी घालून हिशेब लिहीत तसलं उतरत्या झाकणाचं बैठं मेज. चोर बाजारातलं, सागवानी, आत दोन कप्पे. विजेची बिलं, सोसायटीच्या पावत्या, शाळेची कागदपत्रं, चार्जरच्या वायरी सगळं त्यात, वर एक पितळी दिवा. ही वस्तू आणल्यावर पहिला महिनाभर तिला घरात मिसळू दिलं नाही. गॅलरीत, भिंतीपासून दूर, खाली काळा कागद अंथरून ठेवली. लाकडाला भुंगा असेल तर बारीक छिद्रांतून पिठासारखी पिवळसर पूड गळते आणि काळ्यावर ती लगेच दिसते. एका पायाखाली चिमूटभर दिसलीच. औषध सुईने त्या छिद्रांत भरलं, छिद्रं मेणाने बुजवली, कागद बदलला. नंतर कागद कोरा राहिला तेव्हाच मेज आत आलं. पावसाळाभर अधूनमधून कागद घालून पाहिलं, काही नाही. जुनं लाकूड घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, कारण एका मेजातला भुंगा घरातल्या बाकीच्या लाकडातही जाऊ शकतो.

आरशाचा अनुभव संमिश्र आहे. सागवानी चौकटीचा दोन बाय तीन फुटांचा, खिडकीसमोर लावलेला. खोलीत दुपारी तीन-साडेतीनलाही दिवा लागत नाही, हा मोठा फायदा. पण कडेचे काळे डाग पावसात वाढले. आमची ती भिंत बाहेरची, ओल धरणारी. मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून भिंत आणि आरसा यांच्यात बोटभर फट ठेवल्यावर वाढ थांबली. डाग आहेत तसेच ठेवलेत, काच बदलायची नाही.

दिव्यांच्या बाबतीत तडजोड नको. जुना पितळी दिवा आणला की आतली वायर, होल्डर, प्लग सगळं बदलून घ्यायचं, आयएसआय मार्क बघायचा, आणि दिवा धातूचा असेल तर तीन पिनांचा प्लग लावून अर्थिंग करायचंच. आमच्या इलेक्ट्रिशियनने जुनी वायर हातात धरली तेव्हा तिचं आवरण तुकड्यातुकड्यांनी गळून पडलं.

गेलं ते घंगाळ. आत्याकडून आलं होतं, तांब्याचं, मोठं, सुरेख. पाण्यात फुलं सोडून दाराशी ठेवावं असं सगळ्यांनी सुचवलं. पण साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठवड्याभरात तयार होतात, आणि पावसाळ्यात पालिकेची माणसं घराघरात तेच तपासत फिरतात. रोज पाणी बदलून घासायला आम्हाला कुणालाच वेळ नाही, आणि पाण्याशिवाय ते नुसती जागा अडवत होतं. ठाण्याच्या वहिनीकडे बंगल्याला अंगण आहे, तिथे गेलं. आत्याला विचारूनच दिलं. ती म्हणाली, वापरात राहू दे म्हणजे झालं.

कापूस आणि कापड असलेलं काहीही मी जुनं घेत नाही. सोफा, गादी, उशा, गाद्यांच्या खुर्च्या, नाहीच. ढेकूण अन्नाशिवाय महिनोन्‌महिने जगतात आणि चाळ असो की टॉवर, एकदा शिरले की सगळ्या मजल्यावर पसरतात. ऑनलाइन घेताना फोटोत दिसणारं माप आणि प्रत्यक्षातलं माप यांत फार फरक पडतो, म्हणून विकणाऱ्याला वस्तूशेजारी टेप धरून फोटो पाठवायला सांगते. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जात नाही. टेम्पोचं भाडं आधी विचारावं. ओशिवऱ्याहून भांडुपला छोटा हत्ती आणायचा तर कधीकधी भाडंच वस्तूइतकं होतं, आणि मग दोन वस्तू एकत्र आणायचा मोह होतो. तिथेच थांबायचं.

जुन्या सामानाचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ते परत विकता येतं. दुकानातून आणलेलं नवीन कपाट घरी येताक्षणी निम्म्या किमतीचं होतं आणि मग 'एवढे पैसे घातलेत' म्हणून आपण ते सांभाळत बसतो. बाराशेला घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ आम्ही काही महिने वापरून जवळपास त्याच भावाला दिलं, कारण त्याच्या टोल्यांनी आईंची झोप मोडायची. वस्तू सोडताना जीव अडकत नाही, म्हणून घर मोकळं राहतं.

यादीत आता एकच ओळ उरली आहे: दाराजवळ, तीस इंच, खुंटाळं. चार-पाच खुंट्यांचं, सागवानी, वर छोटी फळी असलेलं, पूर्वी चाळींत दाराशी असायचं तसं. जोगेश्वरीत नवीन बनवून मिळतं, पण मला वापरलेलं हवंय. मध्य रेल्वेच्या बाजूला कुणाचं घर रिकामं होत असेल आणि असं खुंटाळं निघणार असेल, तर भंगारात द्यायच्या आधी नक्की कळवा. मी स्वतः येऊन उतरवून नेईन.